आर्चेसच्या मातीतला लाजरा खवला: कसा शोधायचा, कुठून बघायचा

मार्च उजाडला की मला फोन सुरू होतात. कुणाचे आई-बाबा पुण्याहून आलेले असतात, कुणाचे सासू-सासरे नागपूरहून, आणि सगळे अमेरिकेतल्या यूटा राज्यातलं आर्चेस राष्ट्रीय उद्यान, तिथल्या खडकाच्या कमानी, बघायला निघालेले असतात. शेजारच्या मोआब गावात कुठे उतरायचं, डेलिकेट आर्च या कमानीपर्यंत गुडघे साथ देतील का, पाणी किती घ्यायचं, हे विचारून झालं की मी माझं एक पुढे करते. "कमानी बघाच, पण एक तास मातीसाठी ठेवा. तिथे एक दगडफूल आहे, करंगळीच्या नखाहून लहान, विटेच्या रंगाचं. ते बघून या." मग ते कसं दिसतं, कुठे असतं, पाय कुठे ठेवायचा, हे सगळं फोनवर इतक्यांदा सांगून झालंय की आता एकदा नीट लिहूनच काढते.

मी ग्रँड जंक्शनला राहते, कोलोरॅडो राज्याच्या पश्चिम टोकाला. इथून मोआब गाडीनं पावणेदोन तास. माहेर सांगोला तालुक्यातलं, म्हणजे कोरडी जमीन मला नवी नाही. दगडफूल मात्र मला माहीत होतं ते मसाल्यातलं. उन्हाळ्यात आई काळा मसाला करायला बसली की दगडफूल निवडायचं काम माझ्याकडे असायचं. सुपात पसरायचं, झाडाची साल, काड्या, खडे वेचून काढायचे. एका अंगानं राखाडी, दुसऱ्या अंगानं काळं, हातात कुरकुरणारं. नुसतं हुंगलं तर वास जेमतेम, आणि गरम तेलात पडलं की चार घरं सोडून कळायचं. ते झाडांच्या सालींवर आणि खडकांवर वाढतं एवढं ठाऊक होतं. उघड्या मातीवर, तेही वाळवंटात, दगडफूल वाढतं हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

नाव आणि ओळख

शास्त्रीय नाव सोरा डेसिपियन्स. स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एक 'प' असतो, तो उच्चारायचा नाही. 'सोरा' हा ग्रीक भाषेतला खरजेसाठीचा शब्द आहे, आणि जमिनीवर धरलेल्या त्या लालसर खपल्या बघितल्या की नाव पटतं. 'डेसिपियन्स' म्हणजे फसवणारं. अठराव्या शतकात योहान हेडविग या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याला 'डेसिपियन्स' म्हटलं आणि १७९४ मध्ये हॉफमन यांनी ते सोरा या प्रजातीत आणलं. इंग्रजीत त्याला 'ब्लशिंग स्केल' म्हणतात. मी आमच्या घरात 'लाजरा खवला' म्हणते आणि इथेही तेच म्हणणार आहे.

दगडफूल ही एकटी वनस्पती नव्हे. एक बुरशी आणि तिच्या पोटात राहणारं शेवाळ, अशी ती दोघांची मिळून वस्ती असते. बुरशी घर बांधते, शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं. लाजऱ्या खवल्यातलं शेवाळ हिरवं असतं. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन आणि उर्मिला मखीजा यांनी दगडफुलांवर आयुष्यभराचं काम केलं. मराठी घरात दगडफूल स्वयंपाकघरात रोज असतं, पण या माणसांची नावं फारशी कुणाला माहीत नसतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

हा खवला एकट्या अमेरिकेचा नाही, आणि एकट्या वाळवंटाचाही नाही. स्पेनमधलं तबेर्नासचं वाळवंट, जर्मनीतले चुनखडीचे उतार, स्वीडनचं ओलांड बेट, ऑस्ट्रियातल्या आल्प्समधली २,५०० मीटरच्याही वरची होखटोरची खिंड, या सगळ्या ठिकाणी तो आहे. कडाक्याची थंडी त्याला चालते, रखरखीत ऊनही चालतं. मातीत चुना किंवा जिप्सम असावं आणि वर दाट गवताची सावली नसावी, एवढं त्याला लागतं. मोआबच्या आसपास हे दोन्ही भरपूर आहे. वर्षाचा पाऊस तिथे २३० मिलिमीटरच्या आसपास पडतो. माणदेशाला आपण दुष्काळी म्हणतो, तिथेही साधारण याच्या दुप्पट पडतो.

पाय कुठे ठेवायचा, हे सगळ्यात आधी

हा भाग मी मुद्दाम शोधण्याच्या आधी घेतला आहे. सात वर्षांपूर्वी आम्ही पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि पाट्या होत्या त्या मी वाचल्या नाहीत. धाकटीचा फोटो एका ज्युनिपरच्या झाडाशेजारी काढायचा म्हणून मी पायवाट सोडून आत गेले. दहा पावलं असतील. पायाखाली काहीतरी कुरकुरलं, पापड मोडावा तसं. मला वाटलं वाळलेली माती आहे. परत वळले तेव्हा वाटेवर एक रेंजर बाई उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला वाटेच्या कडेला बसवलं, हातात भिंग दिलं आणि माझ्याच पावलाच्या ठशाची कड बघायला सांगितली. ठशाच्या आत चुरा होता. ठशाच्या बाहेर काळे, पांढरे, निळसर, पिवळे ठिपके होते आणि त्यांच्या मध्ये पांढऱ्या किनारीचा एक लाल खवला. लाजरा खवला मी पहिल्यांदा बघितला तो असा, मी मोडलेल्याच्या शेजारी.

ते ठसे अजून आहेत. मी दरवर्षी वाटेवरूनच बघते. कडा बोथट झाल्यात, आत थोडी काळपट झाक परत आली आहे, पण लाल काही आलेलं नाही.

त्याचं कारण असं. ही माती नुसती माती नाही, तिच्यावर जिवंत पापुद्रा आहे. सुरुवात करतात ते डोळ्यांना न दिसणारे निळे-हिरवे जीवाणू, मुख्यतः मायक्रोकोलियस नावाचे. ओल मिळाली की ते धाग्यांसारखे मातीतून सरकतात आणि मागे चिकट आवरण सोडत जातात. त्या आवरणांनी वाळूचे कण एकमेकांना बांधले जातात. एखादं ढेकूळ हलकेच उचलून बघितलं तर खाली तंतूंना लोंबणारे वाळूचे कण दिसतात. (तुम्ही उचलू नका. माहिती केंद्रांत याची चित्रं लावलेली असतात, ती बघा.) जमीन अशी बांधली गेली की मग तिच्यावर काळी दगडफुलं बसतात, मग लाजरा खवला आणि त्याचे सोबती, मग शेवाळी (इंग्रजीत मॉस). जीवाणूंचं जाळं काही वर्षांत परत विणलं जाऊ शकतं. दगडफुलं परतायला कित्येक दशकं लागतात. मोआबमध्ये राहून जेन बेल्नॅप या शास्त्रज्ञ बाईंनी या पापुद्र्याचा उभा जन्म अभ्यास केला, आणि तिथल्या पाट्यांवर आज जे सांगितलेलं असतं त्यामागे त्यांचं आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम आहे.

तर चालायचं ते तीनच ठिकाणी: आखलेल्या पायवाटेवर, उघड्या सपाट खडकावर, आणि ओहोळाच्या कोरड्या पात्रात, जिथे पाणी दरवर्षी वाळू उलथून टाकतं. झुडपांच्या मधली मोकळी, काळपट, उंचसखल माती ही 'रिकामी जागा' नाही. तिथेच सगळं राहतं. नुसती फिकट, सपाट पण वर पातळ साल धरलेली माती दिसली तरी तिच्यावर जाऊ नका. तो कोवळा पापुद्रा असतो, काही वर्षांनी तो काळा होईल, पण तुम्ही वर चाललात तर होणार नाही.

चुकून आत गेलातच तर तिथेच थांबा. पुढे खडक दिसतोय म्हणून पुढे जाऊ नका. वळा आणि स्वतःच्या ठशांत पाय टाकत परत या. चार-पाच जण असाल तर सगळ्यांनी एकामागोमाग, त्याच ठशांत. आपल्या लोकांना पसरून चालायची सवय असते, गप्पा मारत, आडवी ओळ धरून. तिथे ती सोडावी लागते. कॅमेऱ्याच्या स्टँडचे पाय, घडीची खुर्ची, पाठीवरची पिशवी खाली टेकवणं, हे सगळं पावलासारखंच आहे.

मुलांना 'चालू नका' म्हणून उपयोग नाही. आमच्याकडे 'डोंगर का पाणी' खेळायचो ना, त्याचंच मी 'दगड का वाळू' केलं. म्होरक्या ओरडतो 'दगड', सगळे खडकावर. 'वाळू' म्हटलं की ओहोळात. काळ्या मातीला पाय लागला की राज्य. पाच वर्षांची पोरं दोन तास हे न चुकता खेळतात आणि मोठ्यांच्या चुका काढतात.

कधी जायचं

ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी अखेर ते एप्रिल. उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या वर जातो, आणि दगडफुलं तेव्हा वाळून निपचित असतात. दिसतात, पण रंग फिका पडलेला असतो, आणि तुम्हालाही भिंग धरून बसवत नाही. उन्हाळ्यात न्यायची वेळ आलीच तर सूर्य उगवताना जा आणि नऊच्या आत परता.

माझा आवडता दिवस म्हणजे थंडीतला पाऊस किंवा वितळलेला बर्फ यांच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. माती ओलसर असते, सगळे रंग गडद होतात. काळं दगडफूल, ज्याला कोलेमा म्हणतात, कोरडं असताना जळकट कागदासारखं दिसतं आणि ओलं झालं की फुगून जेलीसारखं होतं. त्या काळ्यावर लाजरा खवला उठून दिसतो. पण ओल्या मातीत एक धोका असतो. वाटेवर डबकी साचतात आणि माणसं बूट वाचवायला कडेनं चालतात, पायवाट रुंद होते. बूट भिजू द्या, डबक्यातून चाला.

शोधायचा कसा

हातात दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे दहापट मोठं दाखवणारं भिंग. सोनार हिरा तपासायला वापरतात तेच. दुसरी म्हणजे जवळची वस्तू दाखवणारी दुर्बीण, दोन मीटरवर फोकस होणारी. पक्षी बघणाऱ्यांकडे ती असते. साधी दुर्बीण असेल तर ती उलटी धरा, मोठ्या भिंगाची बाजू डोळ्याला आणि लहान बाजू मातीजवळ, की तिचं चांगलं भिंग होतं. मांडीखाली घ्यायला जुनं योगा-मॅट कापून आणा. खडक सकाळी गार असतो.

मग खडकाची किंवा वाटेची अशी कड शोधा जिला लागून जुना पापुद्रा आहे. जुना कसा ओळखायचा? तो सपाट नसतो. थंडीत जमिनीतलं पाणी गोठून माती वर ढकलली जाते, वर्षानुवर्षं हे होत राहतं, आणि पृष्ठभागावर चार-पाच बोटं उंचीचे सुळके तयार होतात. दुरून बघितलं तर लहान-लहान किल्ले, माथे काळे. असे किल्ले दिसले की जागा बरोबर आहे. खवला बरेचदा अशा सुळक्यांच्या कडांना किंवा सुळक्यांच्या मधल्या बारीक, घट्ट मातीवर असतो. सैल वाळूत, ज्या वाळूवर वाऱ्याच्या लाटा उमटल्यात तिथे, तो सापडणार नाही. तिथे वेळ घालवू नका. पांढुरकी, जिप्समची माती दिसली तर थांबा, तिथे तो जास्त दाटीनं असतो.

कडेला बसा. उभं राहून शोधू नका. उभ्या माणसाला फक्त 'तपकिरी' दिसतं. बसल्यावर पहिली पाच मिनिटं काहीच वेगळं कळत नाही, तेव्हा उठू नका. मी नवख्यांना सांगते की एका ताटाएवढी जागा नजरेनं आखून घ्या आणि तेवढीच बघत राहा. तांदूळ निवडताना आपण जसे बघतो तसं, एका कडेनं दुसऱ्या कडेला. आधी काळं ओळखा, मग पांढरं, मग राखाडी. रंग एकेक करून वजा होत गेले की लाल आपोआप उरतं.

माझ्या सासूबाई गेल्या ऑक्टोबरात आल्या होत्या. गुडघ्यांमुळे चालणं नाही, म्हणून त्यांना वाटेलगतच्या एका खडकावर बसवून, हातात दुर्बीण देऊन आम्ही पुढे गेलो. परतलो तर म्हणाल्या, "अगं, इथे कुणी गेरू सांडलाय का? आणि त्याला चुन्याची किनार पण काढलीय."

मी म्हटलं, "आई, तुम्हाला सापडला की तो!"

तेव्हापासून मी सगळ्यांना हीच खूण सांगते. गेरू आणि चुना. तुळशीवृंदावन सारवून कडेला पांढरी रेघ ओढलेली असते, ते डोळ्यांसमोर आणा आणि ते सगळं हरभऱ्याच्या डाळीएवढं करा.

तोच आहे ना, हे ठरवताना

खवला दोन ते पाच-सहा मिलिमीटर रुंद, गोलसर, जमिनीला चिकटलेला. रंग विटेचा लाल, कधी गुलाबीकडे झुकणारा, कधी तपकिरीकडे. काठाला पांढरी कड. ती पांढरी पूड कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांची असते. एकटा खवलाही असतो, पण बहुधा पाच-पन्नास जवळजवळ बसलेले असतात, एकमेकांवर फारसे न चढता.

पक्की खूण म्हणजे काळी बटणं. बीजाणू तयार करणारे हे भाग मोहरीच्या अर्ध्या दाण्यासारखे, काळे, वर फुगीर, कडेला कंगोरा नसलेले. आणि ते खवल्याच्या काठावर असतात, मधोमध नाही. भिंगातून हे एकदा दिसलं की शंका राहत नाही. सगळ्या खवल्यांना बटणं नसतात, म्हणून शेजारचे आठ-दहा तपासा.

फसगत कुठे होते तेही सांगते, नावातच फसवणूक आहे. त्याच प्रजातीतला सोरा क्रेनाटा आकारानं मोठा, वरून भेगाळलेला, आणि त्याची बटणं खवल्याच्या पाठीवर असतात, काठावर नाहीत. सोरा सेरेब्रिफॉर्मिस पांढराफटक, खडूची भुकटी टाकल्यासारखा, त्यावर मेंदूसारख्या चिरा. मी पहिले दोन महिने ज्याला हमखास चुकले तो प्लॅसिडियम. तोही तपकिरी खवलाच, मातीला चिकटलेला. पण त्याला पांढरी कड नसते, आणि काळी बटणं वर बसलेली नसून पाठीत रुतलेले सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके असतात, खसखस पेरावी तसे. निळसर राखाडी फुगे दिसले तर ते टोनिनिया. पिवळाधमक ठिपका दिसला तर तो तिसराच कुणी. लाल समजून त्याच्यामागे जाऊ नका, पण बघा मात्र जरूर, सुंदर असतो.

ठरवता आलं नाही तर 'सोरा' एवढंच लिहा. पुढचं नाव अंदाजानं जोडू नका.

पाणी शिंपडण्याबद्दल

कुणीतरी तुम्हाला सांगेल की फवाऱ्याची बाटली घेऊन जा, पाणी मारलं की रंग खुलतात. मीही एक वर्ष तेच केलं. आता करत नाही, आणि तुम्हीही करू नका असं कळकळीनं सांगते.

कोरडा जीव झोपलेला असतो. ओल मिळाली की तो जागा होतो, आणि जागं होण्यालाच आधी अन्न खर्च होतं. ओल पुरेशी टिकली तर तो उन्हावर अन्न बनवून तो खर्च भरून काढतो. ओल दहा मिनिटांत उडून गेली तर खर्च झाला आणि कमाई काहीच नाही. मोआबजवळच्या एका प्रयोगात उन्हाळ्यात वारंवार फक्त सव्वा मिलिमीटर पाऊस पडेल इतकंच पाणी दिलं, तर पापुद्र्यातली शेवाळी भराभर मेली. ती पावसाअभावी नव्हे, चुटपुट पावसानं मेली. दगडफूल आणि शेवाळी वेगळी, पण ओल आणि खर्चाचा हिशेब दोघांनाही चुकत नाही. वाटेजवळच्या एकाच ठिकाणी दिवसाला वीस माणसांनी फवारा मारला तर काय होईल, याचा विचार करा.

रंग खुललेले बघायचे असतील तर पाऊस पडून गेल्यावर जा.

फोटो, आणि वेचण्याबद्दल

राष्ट्रीय उद्यानातून परवान्याशिवाय काहीही उचलायचं नसतं, दगडफूलही नाही. "मसाल्यात चालतं का?" हे मला बऱ्याच जणी विचारतात, आणि मनापासून विचारतात. नाही चालत. आपलं मसाल्यातलं दगडफूल पानासारखं पसरणारं, सालीवरून सुटून येणारं. हा खवला तंतूंनी मातीत रोवलेला असतो. तो निघतो तो मातीसकट, आणि निघाला की ती जागा उघडी पडते.

फोटो मात्र भरपूर काढा. एक लांबून, आजूबाजूची झुडपं आणि मातीचा रंग दिसेल असा. एक ताटाएवढ्या जागेचा. एक अगदी जवळून, पांढरी कड दिसेल असा, आणि एक काळी बटणं तिरकी दिसतील असा. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर भिंग टेकवलं की काम होतं. आकार कळावा म्हणून लोक नाणं ठेवतात. ते मातीवर टेकवू नका, पट्टी हातात धरून शेजारी आणा. सकाळचं तिरकं ऊन सगळ्यात चांगलं. डोक्यावर ऊन आलं की पांढरी कड भगभगीत होते आणि लाल रंग उडून जातो. फोनचा फ्लॅश बंद ठेवा, सपाट दिसतं सगळं.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. तारीख, जागा, मातीचा प्रकार लिहा. तिथे दगडफुलं जाणणारी माणसं नाव तपासून देतात. माझी पहिली अकरा चित्रं तपासून एका अनोळखी माणसानं त्यातली चार प्लॅसिडियम असल्याचं दाखवून दिलं, तेव्हा कुठे मी खसखस आणि मोहरीतला फरक बघायला शिकले. मी इथे नेमक्या जागा सांगितलेल्या नाहीत. एका जागेचं नाव झालं की तिथे पायवाट पडते. कड कशी शोधायची ते वर सांगितलंय, तेवढ्यावर तो आर्चेसमध्ये, मोआबजवळच्याच कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानात, आमच्या घराजवळच्या कोलोरॅडो नॅशनल मॉन्युमेंटमध्येही सापडू शकतो.

याची एवढी काळजी का

हे फोनवर सांगायला वेळ मिळत नाही. आमच्या दक्षिणेला सॅन ह्वानचे डोंगर आहेत. वसंतात पश्चिमेकडून वारा सुटतो, पापुद्रा मोडलेल्या जमिनीवरची लाल धूळ उडते आणि त्या डोंगरांच्या बर्फावर जाऊन बसते. मळलेला बर्फ ऊन जास्त शोषतो आणि कित्येक दिवस आधी वितळतो. मी स्वतः मे महिन्यात तिथे विटकरी बर्फ बघितलाय. असल्याच बर्फाचं पाणी नद्यांना, आणि कालव्यांवाटे आमच्या इथल्या पीचच्या बागांना पुरतं. मे-जूनमध्येच ते वाहून गेलं तर ऑगस्टमध्ये काय करायचं? ज्या तालुक्यात टँकरची वाट बघत मी वाढले, तिथल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

आणि फक्त पायांचंच नाही. कॅनियनलँड्समध्ये व्हर्जिनिया पार्क म्हणून एक बंदिस्त गवताळ जागा आहे. तिथे गुरं कधी चरली नाहीत, पर्यटकांना जायला बंदी आहे. तरीही हवेतला नत्र मातीत आणणाऱ्या काळ्या दगडफुलांचं प्रमाण तिथे १९९६ मध्ये सुमारे १९ टक्के होतं, ते २०१९ मध्ये ५ टक्क्यांवर आलं. पाऊल पडलेलं नसताना, वाढत्या उष्म्यानं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून मी आता एक काम नेमानं करते, आणि तुम्ही जवळपास राहत असाल तर तुम्हालाही करता येईल.

वाटेला लागून असलेला एक खडक निवडा. त्यावर बसून दिसणारी ताटाएवढी जागा ठरवा. खडकावरच्या एखाद्या भेगेची खूण धरून, दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच वेळी, तेवढ्याच उंचीवरून फोटो काढा. लाल खवले मोजा आणि वहीत लिहा. अर्धवट खवला मोजायचा की नाही ते पहिल्याच वर्षी ठरवा आणि नंतर बदलू नका. मी अर्ध्याहून जास्त दिसला तर मोजते. वहीत तारीख, आदल्या आठवड्यात पाऊस झाला का, आणि माती ओली की कोरडी, एवढं लिहिते. माझ्या खडकाजवळ पहिल्या वर्षी ४३ होते. मग ४३, ४१, ४१, ४२. यंदा मार्चमध्ये धाकटीनं मोजले, मला वही धरायला सांगून, दोनदा. ४० भरले. एक काळ्या कोलेमाच्या पलीकडे नवीन आहे असं तिचं म्हणणं, पण तो अजून खसखशीएवढा आहे, म्हणून त्याची नोंद पुढच्या वर्षी.